कोपरा कोरला की बरं वाटतं, पण किती दिवस?

पत्र थोडक्यात: एका आईने लिहिलं आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, फुटबॉल खेळणारा. वर्षभरापासून त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख एका कडेने मांसात रुततंय. आधी नुसतं टोचायचं. आता कडेला लालभडक, ओलसर मांस वाढलंय आणि मोजा काढताना त्याला रक्त लागतं. दर वेळी आई पाय गरम पाण्यात बुडवून ठेवते आणि नेलकटरच्या टोकाने नखाचा कोपरा खोलवर कोरून काढते. दोन-तीन आठवडे बरे जातात, मग पुन्हा ठणका. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. डॉक्टर आता म्हणतात, नखाची कडेची पट्टी काढून तिचं मूळ जाळून टाकू. पण मुलाच्या वडिलांचं पूर्ण नख तरुणपणी दोनदा काढलं होतं आणि दोन्ही वेळा ते परत रुतलं, त्यामुळे घरात ऑपरेशनवर कुणाचा विश्वास नाही. सासूबाईंच्या मते ‘ही नखं आपल्या घराण्यातच आहेत’. मुलगा हल्ली पाय दाखवायलाही तयार होत नाही. महिन्याभराने त्याची स्पर्धा आहे. आई विचारते: मी आणखी नीट, आणखी आतून कापायला शिकले तर हे थांबेल का? नखाच्या मधोमध व्ही आकाराची खाच पाडतात म्हणे, ती पाडून बघू का? आणि दुखायची गोळी घेऊन खेळला तर चालेल का? ता. क. : सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांचंही नख मीच असं कोरून देते. त्यांना अजिबात दुखत नाही, त्यामुळे ते काम सोपं जातं.

ताई,

तुमच्या मुलाबद्दल पुष्कळ बोलायचं आहे, पण आधी ताजा कलम घेते. पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे.

नखाची कड मांसात कोरताना माणसाला दुखायलाच हवं. सासऱ्यांना दुखत नाही याचा अर्थ तुमचा हात हलका आहे असा नाही. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होत जातात, रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. अशा पायाला नेलकटरचं टोक लागलं, तर त्यांना कळत नाही, तुम्हालाही कळत नाही आणि जखम मात्र राहते. ती भरायला वेळ लागतो, त्यात जंतू शिरले तर ते आत हाडापर्यंत जाऊ शकतात. मधुमेहात बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते, तेव्हा सुरुवात बरेचदा अशाच किरकोळ जखमेपासून झालेली असते. तेव्हा त्यांच्या अंगठ्याला नेलकटर लावणं आजपासून बंद. त्यांचा पाय गरम पाण्यात बुडवणंही बंद, कारण पाणी किती कढत आहे हे त्यांच्या पायाला नीट समजत नसेल. त्यांना डॉक्टरांकडे नेऊन दोन्ही पाय तपासून घ्या. नायलॉनच्या बारीक तारेने स्पर्श कळतो का ते पाहतात, पायाच्या नाड्या चाचपतात. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, दुखत नाही. नखं कोण आणि कशी कापणार, ते तिथेच ठरवा. घरी तुम्ही करायचं ते एवढंच, की रोज एकदा उजेडात त्यांचे तळपाय, बोटांमधल्या बेचक्या आणि नखांच्या कडा बघायच्या. जखम, काळपटपणा, वाढती लाली, दुर्गंधी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही.

आता मुलगा.

तुमच्या पत्रात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: कोपरा काढला की बरं वाटतं, म्हणजे कोपरा काढणं हाच उपाय, फक्त तो अजून नीट जमत नाहीये. असं वाटणं अगदी साहजिक आहे. टोचणारं टोक गेलं की मुलाचा चेहरा तासाभरात सैल पडतो, याहून मोठा पुरावा आईला कुठला हवा? पण आत काय घडतं ते पाहू.

उभं राहिलं, चाललं, धावलं, की अंगठ्याच्या टोकाचं आणि कडेचं मांस खालून वर दाबलं जातं. त्याला जागेवर ठेवायचं काम नखाची पुढची कड करत असते. तुम्ही कोपरा काढलात की तो अडसर जातो, मांस वर सरकतं आणि नखाच्या वाटेतच येऊन बसतं. नख तर मुळाकडून पुढे येतच राहणार. ते या मांसावर येऊन थडकतं. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. खोल कोपरा कापताना नेलकटर शेवटपर्यंत पोचत नाही. शेवटचा थोडा भाग कापला न जाता तुटतो, आणि तिथे आत, तुम्हाला दिसणार नाही अशा ठिकाणी, नखाचं एक अणकुचीदार टोक उरतं. आज ते मांसाला टेकलेलं नसतं म्हणून आराम वाटतो. पण पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. दोन-तीन आठवड्यांत ते टोक मिलिमीटरभर पुढे येतं आणि भाल्यासारखं मांसात घुसतं. तुमचे ‘बरे जाणारे दोन-तीन आठवडे’ म्हणजे नखाला तेवढं अंतर कापायला लागणारा वेळ. तुम्ही पुढच्या वेळी आणखी खोल कापाल, टोक आणखी आत राहील.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणखी नीट कोरायला शिकू नका. कोरणंच थांबवा.

व्ही आकाराच्या खाचेचंही तेच. मधे खाच पाडली की नख ती भरून काढायला मधल्या बाजूला ओढलं जातं आणि कडा सुटतात, अशी समजूत आहे. पण आपल्याला दिसतं ते नख निर्जीव असतं. ते तयार होतं कातडीखालच्या मुळाशी, आणि पुढच्या टोकाला कुणी खाच पाडली याची मुळाला खबरही लागत नाही. खाचेने रुतलेली कड सुटत नाही. मोज्यात अडकून नख चिरायला मात्र एक जागा मिळते.

घराण्याचं म्हणाल, तर सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. नखाची रुंदी, त्याचा बाक, कडेच्या मांसाची जाडी, पायाला येणारा घाम, हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. पण एकाच घरात नख कापायची पद्धतही मोठ्यांकडून लहानांकडे जाते. गोल कापायचं, कोपरे ‘साफ’ करायचे, थोडं कापून उरलेलं ओढून तोडायचं. तुमच्या घरी ही रीत कुणाकडून आली ते आठवून पाहा. नखाचा आकार बदलता येत नाही, ही रीत येते. आणि आकार वारशाने आला म्हणून दर महिन्याला रक्त यायलाच हवं असं काही नाही.

शिवाय मुलाचं वय. किशोरवयात हा त्रास जास्त दिसतो. पाय भराभर वाढत असतो, घाम भरपूर येतो, ओल्या मोज्यात नख आणि मांस दोन्ही मऊ पडतात, वर चेंडूला लाथा आणि अंगठ्यावर पडणारे दुसऱ्यांचे पाय. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची आणखी एक खोड असते: चेंडू ‘पायाला नीट लागावा’ म्हणून बूट मुद्दाम घट्ट घेणं. त्याच्या बुटातलं आतलं सैल अस्तर बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्याला त्यावर उभं करा. बोटं अस्तराच्या बाहेर किंवा अगदी कडेला येत असतील, तर बूट लहान आहे, दुकानात कितीही छान बसला असला तरी. उभं असताना सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी, आणि पुढचा भाग रुंदीलाही ऐसपैस हवा. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत, दोन्ही पायांत घालून. बूट मोठा घेऊन नाडी ढिली ठेवली तरी उपयोग नाही. धावता धावता थांबलं की पाय पुढे घसरतो आणि अंगठा आपटतो. टाच मागे घट्ट बसेल अशी नाडी बांधायची. मोज्यांचंही पाहा. बोटांवर ताणून बसणारा किंवा आत जाड शिवण असलेला मोजा दिवसभर तोच दाब देत राहतो.

एक विचारून ठेवते. तो मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतो का? घेत असेल तर नखाच्या डॉक्टरांना नक्की सांगा. या औषधाने काही जणांची नखं ठिसूळ होतात, कडेचं मांस नाजूक होतं आणि असाच त्रास सुरू होतो. गोळ्या स्वतःहून मात्र बंद करू नका.

अँटिबायोटिकने का थांबलं नाही, हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल. नख आत घुसलेलं आहे तोवर शरीर त्याला परकी वस्तू समजून लढत राहतं. लाली, सूज, पाझर, ते वाढलेलं ओलसर मांस, सगळं त्या लढाईचं आहे. जंतू नंतर येऊन गर्दी करतात. गोळ्यांनी ती गर्दी पांगते, नख तिथेच. नखाची रुतलेली कड काढली की बहुतेक निरोगी माणसांना वेगळ्या अँटिबायोटिकची गरजही पडत नाही. लाली अंगठ्यावरून पायावर पसरत असेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती लागतात आणि पूर्ण घ्यावी लागतात.

मग घरी काहीच करायचं नाही का? करायचं, पण कधी ते कळायला हवं. हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांचं नख नुकतंच टोचू लागलंय, थोडी लाली आहे, दाबलं की दुखतं, पण पू नाही आणि मांस वाढलेलं नाही, त्यांना घरच्या उपायांनी बऱ्याचदा सुटका मिळते. कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचा, नीट कोरडा करायचा. मग स्वच्छ बोटाने कडेचं मांस नखापासून हळूच बाजूला ढकलायचं. मांस मऊ झालेलं असतं तेव्हा कापसाची अगदी बारीक वात करून ती नखाच्या कोपऱ्याखाली सरकवायची, म्हणजे कोपरा मांसावरून उचललेला राहतो. वात रोज बदलायची. ओली, मळकी वात तशीच ठेवली तर तीच जंतूंचं घर होते. ज्यांना वात जमत नाही त्यांनी चिकटपट्टी वापरावी. औषधाच्या दुकानात मिळते त्या चिवट पट्टीचा एक तुकडा नखाच्या अगदी कडेला, मांसावर चिकटवायचा आणि मांस नखापासून दूर खाली ओढून अंगठ्याच्या खालच्या बाजूने तिरका वर नेऊन लावायचा. बोटाभोवती गोल आवळायचं नाही, रक्त थांबेल. पुढून मोकळी चप्पल घालायची. दोन-तीन आठवडे हे नेटाने करायचं आणि या काळात नख वाढू द्यायचं. हे सगळ्यात अवघड जातं, कारण हात सारखा नेलकटरकडे जातो. मधुमेह किंवा पायाच्या रक्तपुरवठ्याचा त्रास असलेल्यांनी यातलं काहीही न करता थेट डॉक्टरांकडे जावं.

तुमचा मुलगा या टप्प्याच्या पुढे गेलाय, ताई. वाढलेलं मांस, मोज्याला लागणारं रक्त आणि वर्षभराची पुनरावृत्ती असताना वातीवर आणखी दोन महिने घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. डॉक्टरांचा सल्ला मला रास्त वाटतो.

इथे त्याच्या बाबांचा अनुभव आडवा येतो. त्यांना वेड्यात काढू नका, त्यांच्या बाबतीत ऑपरेशन खरंच फसलं होतं. पण ते ऑपरेशन वेगळं होतं. पूर्ण नख उपटून काढलं आणि मूळ तसंच ठेवलं, की त्याच मुळातून तेवढंच रुंद नख परत येतं. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तेवढ्या काळात अडसर नसल्यामुळे टोकाचं मांस वर येऊन बसतं आणि नवं नख त्यात शिरतं. म्हणजे अंगठ्याने तसं वागणं अपेक्षितच होतं. मुलासाठी सुचवलंय त्यात नखाचा बहुतेक भाग जागेवर राहतो. रुतणाऱ्या बाजूची फक्त एक अरुंद उभी पट्टी काढतात आणि त्या पट्टीच्या मुळाला फिनॉल हे मूळ जाळणारं रसायन लावतात, म्हणजे तेवढ्या जागेतून पुन्हा नख उगवत नाही. उरलेलं नख कायमचं किंचित अरुंद होतं. अगदी जवळून पाहिल्याशिवाय ते कुणाच्या लक्षातही येत नाही. फिनॉल लावल्यावर नख परत रुतण्याचं प्रमाण नुसतं नख काढण्यापेक्षा बरंच कमी असतं. शून्य नसतं, हेही त्यांना सांगा. बाबांसारख्या माणसाला शंभर टक्क्यांची हमी दिली तर तो आणखी बिथरेल.

मुलाला काय सोसावं लागेल? अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भुलीची इंजेक्शनं. ती चांगलीच झोंबतात, हे त्याच्यापासून लपवू नका. नंतर अंगठा बधिर होतो. ओढल्याची, दाबल्याची जाणीव राहते, दुखणं नाही. बाकी काम काही मिनिटांचं. त्याच दिवशी घरी. पहिला दिवस-दोन दिवस पाय उंच ठेवून बसायचं, मग पुढून मोकळ्या चपलेत शाळेत जाता येतं. फिनॉलने रासायनिक भाजल्यासारखी जखम होते, त्यामुळे दोन ते चार आठवडे तिथून पाणी पाझरतं. कडा लालसर राहते. पुष्कळ जण याला पू समजून घाबरतात. दिलेल्या पद्धतीने ड्रेसिंग बदलत राहायचं. पण दुखणं दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, लाली पसरत असेल, ताप आला, तर दाखवायला न्यायचं. ऑपरेशनआधी डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: पट्टी काढणार की पूर्ण नख, आणि मुळाचं काय करणार. ‘पूर्ण नख, मूळ तसंच’ असं उत्तर आलं, तर का, ते विचारा, दुसरं मत घ्या. आणि सगळं नीट करूनही जखम भरत नसेल, नखाखाली टणक गाठ लागत असेल किंवा काळपट पट्टा दिसत असेल, तर हे नुसतं रुतलेलं नख नसू शकतं. एक्स-रे किंवा तिथला छोटा तुकडा काढून त्याची तपासणी लागू शकते. क्वचितच घडतं, पण माहीत असावं.

यापुढे नख कापायचं कसं? सरळ आडवं, बोटाच्या टोकाच्या पातळीला, त्याहून आत नाही. दोन्ही कोपरे मांसाच्या वर, डोळ्यांना दिसले पाहिजेत. कोपऱ्याची धार मोज्यात अडकत असेल तर कानशीने हलकेच घासायची, कापायची नाही. हातासाठीच्या नेलकटरची धार आत वळलेली असते, ती आपोआप गोलाई देते. पायासाठी सरळ धारेचं नेलकटर घ्या आणि एका फटक्यात न कापता एका कडेकडून दुसरीकडे छोटे छोटे काप घ्या. हाता-पायाची नखं एकाच बैठकीत उरकायची सवय सोडा. हाताची नखं महिन्याला तीन मिलिमीटरहून थोडी जास्त वाढतात, पायाची त्याच्या जवळपास निम्मीच. हाताच्या वेळापत्रकाने पायाची कापली तर ती कायम आखूडच राहतात. माझ्या मते निम्मी दुखणी या एका सवयीने येतात, जरी हे मी कुठे मोजलेलं नाही.

आणि हे सगळं त्याला शिकवा, स्वतः करू नका. पंधरा वर्षांचा मुलगा पाय दाखवत नाही, त्याचा तुम्हाला राग आलाय, पत्रात जाणवतो. पण त्याच्या बाजूने पाहा. पाय दाखवला की आई कोरणार, हे त्याला वर्षभरात पक्कं कळलंय. म्हणून तो दुखणं लपवतो, आणि तुमच्या हाती येतो तेव्हा मांस वाढलेलं असतं. ‘मी आता तुझं नख कापणार नाही’ एवढं त्याला आज सांगितलंत, तर उद्या तो आपणहून पाय दाखवेल अशी चांगली शक्यता आहे. डॉक्टरांकडे प्रश्नही त्यालाच विचारू द्या. भुलीच्या सुईबद्दल त्याच्या मनात काय आहे, ते त्याने तुमच्या तोंडून नाही, स्वतः बोलावं.

राहिली स्पर्धा. गोळी घेऊन खेळायला मी हो म्हणणार नाही. गोळीने दुखणं दबतं, बुटाचा दाब आणि आतलं टोक तसंच राहतं, आणि दुखत नाही म्हणून तो जास्त जोरात खेळतो. तुमच्याकडे महिना आहे. या आठवड्यात ऑपरेशन झालं आणि जखम वेळेत भरली, तर तो स्पर्धेत असू शकतो, मात्र हे डॉक्टर जखम पाहून ठरवतील, तारीख पाहून नाही. ऑपरेशन स्पर्धेनंतर ढकललं, तर सुजलेल्या, रक्त येणाऱ्या अंगठ्याने सराव करायचा आणि एखाद्या लाथेत पहिल्याच सामन्यात बाहेर बसायचं, हीच शक्यता मला जास्त दिसते. मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यातली वेळ घेतली असती, प्रशिक्षकांना आजच कळवलं असतं, आणि घट्ट बूट त्याच्या नजरेआड न करता त्याच्याच हातात देऊन अस्तर काढून मोजायला लावले असते. नवे बूट घ्यायचे असतील तर ते जखम भरल्यावरच घ्या. आत्ता सुजलेल्या अंगठ्यावर घेतलेलं माप नंतर चुकेल.